हजार छत्तिसावा किलोमीटर

प्रवासाच्या आरंभाचे वर्णन करणे सोपे असते. उत्साह असतो, निरोप असतात, कुंकुमतिलक आणि श्रीफळ असते. समारोपाविषयी मात्र सहसा दोनच ओळी लिहिल्या जातात : सर्व जण सुखरूप पोहोचले आणि छायाचित्रे काढली. गेल्या जूनमध्ये आम्ही अकरा जणांनी ऱ्हाईन नदीच्या काठाने, तिच्या उगमापासून मुखापर्यंत, सायकलने प्रवास केला. परतल्यावर समाजबांधवांनी विचारले, तेव्हा मीही त्या दोन ओळीच सांगितल्या. आज क्षमापनेच्या निमित्ताने तिसरी ओळ लिहावी असे वाटते. जे घडले त्यात दोष माझा होता, आणि ज्यांच्याबाबत तो घडला त्या माझ्या काकांची अनुमती घेऊनच हे लिहीत आहे.

उगमापाशी दीपगृह

स्वित्झर्लंडमधील ओबरआल्प ही खिंड समुद्रसपाटीपासून २,०४४ मीटर उंचीवर आहे. तिच्याजवळच्या टोमा नावाच्या लहानशा सरोवराला ऱ्हाईनचा उगम मानतात. आंडरमाट गावाहून सायकलींसह रेल्वेने आम्ही खिंडीत आलो, तेव्हा समोर एक लाल दीपगृह दिसले. डोंगरमाथ्यावर दीपगृह! चौकशी केली तेव्हा कळले, की नदी जेथे उत्तर समुद्राला मिळते त्या हूक फान हॉलंड येथे पूर्वी असलेल्या दीपगृहाची ती लहान प्रतिकृती आहे. काका म्हणाले, "बरे झाले. कुठे जायचे ते पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे."

काकांचे वय चौसष्ट. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मोंढ्याला लागून आमचे बी-बियाणे, खते आणि औषधांचे दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केले, काकांनी वाढविले, आणि गेली बारा वर्षे मी त्यांच्या हाताखाली गादीवर बसतो. तरुणपणी काका वसुलीसाठी खेडोपाडी सायकलनेच जात. त्यामुळे या सहलीची कल्पना मी मांडली तेव्हा घरातील सर्वांनी त्यांना परावृत्त केले, पण ते स्वतः मात्र एका शब्दाने तयार झाले. अट एकच होती : चातुर्मास लागण्यापूर्वी घरी परतायचे.

आमच्या समूहात लातूर, पुणे आणि अहिल्यानगर येथील कुटुंबे होती. चार महिला होत्या, आणि सर्वांत लहान सदस्य एकोणीस वर्षांची मुलगी होती. सायकली भाड्याच्या होत्या. प्रत्येकाचे सामान मागच्या चाकाच्या दोन बाजूंना लावलेल्या दोन पिशव्यांत मावले पाहिजे, असा नियम होता. परिग्रहाचे परिमाण म्हणजे काय, हे चढणीवर जितके स्पष्ट समजते तितके अन्यत्र क्वचितच समजत असेल. तिसऱ्या दिवशी बहुतेकांनी काही ना काही वस्तू टपालाने पुढे धाडून दिली.

आहार आणि नियम

वाचक भगिनींचा पहिला प्रश्न आहाराचा असतो, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. खाखरे, मुगाचे पापड, मूगडाळ, सातू आणि वाळवलेली मेथी आम्ही सोबत नेली होती. मुक्कामासाठी शक्यतो स्वयंपाकघर असलेली युवा वसतिगृहे निवडली. भाभींच्या देखरेखीखाली रोज सायंकाळी खिचडी, पापडाची भाजी किंवा गट्टे होत. स्थानिक बाजारात ब्रेड, दूध, टोमॅटो, काकडी, कोबी आणि ऋतूतील चेरी सहज मिळते. ब्रेडच्या वेष्टनावर अंड्याचा उल्लेख पाहावा लागतो. चीज घेताना अधिक सावध राहावे लागते, कारण पारंपरिक चीज वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरलेले चीज मिळते, परंतु ते विचारून घ्यावे लागते. बटाटा आणि कांदा यांना तेथील उपाहारगृहांत जवळजवळ पर्याय नसतो, म्हणून आम्ही तो मार्गच सोडून दिला.

चौविहार पाळणाऱ्यांना एका गोष्टीचे कौतुक वाटेल. जूनमध्ये त्या प्रदेशात सूर्य रात्री साडेनऊपर्यंत, आणि हॉलंडच्या किनाऱ्यावर तर दहापर्यंत मावळत नाही. दुकान वाढवून धावतपळत घर गाठण्याची आम्हाला सवय. तेथे जेवण उरकले तरी ऊन अंगणात उभे असायचे. काका हसून म्हणत, "इथे व्रत सूर्यच पाळतो, आपण फक्त जेवतो."

नदीचा हिशेब

कॉन्स्टन्झ येथील जुन्या पुलापासून ऱ्हाईनचे किलोमीटर मोजले जातात. तेथे शून्य, आणि मग दर किलोमीटरला काठावर मोठा फलक. जहाजांच्या सोयीसाठी केलेली ही मोजणी हूक फान हॉलंडपाशी १,०३६ वर संपते. उगमापासून कॉन्स्टन्झपर्यंतचा रस्ता आणि वाटेतील वळसे धरून आमच्या मीटरवर शेवटी १,२४० किलोमीटर भरले, पण काकांनी आपल्या छोट्या वहीत रोज रात्री नदीचाच आकडा लिहिला. शाफहाउझेनचा तेवीस मीटर उंचीचा धबधबा त्या वहीत एका ओळीत आहे.

व्यापाऱ्याला ही नदी निराळी दिसते. बाझेलपासून पुढे तिच्यावर मालवाहू जहाजांची रांग अखंड चालते. कोळसा, धान्य, खडी, पेट्रोल, डब्यांच्या उतरंडी. एकेका जहाजावर नावाड्याचे सारे कुटुंब राहते. मागच्या बाजूला वाळत घातलेले कपडे आणि मालकाची मोटारगाडीही दिसते. आमच्या मोंढ्यात एक ट्रक उतरवायला अर्धा दिवस लागतो. येथे जे एका फेरीत वाहून जात होते, त्याचे ट्रक किती होतील याची गणिते आम्ही पायडल मारता मारता करीत असू.

बाझेल शहरात शिरण्यापूर्वी श्वाइत्सरहाले नावाचा औद्योगिक परिसर लागतो. १ नोव्हेंबर १९८६ रोजी पहाटेपूर्वी तेथील एका रसायन कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर कित्येक टन कीटकनाशके नदीत गेली. पाणी लाल झाले. खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मरून पडले. ईल जातीचे मासे तर फारच मोठ्या संख्येने मेले. त्या घटनेने काठावरची सारी राष्ट्रे हादरली आणि १९८७ मध्ये त्यांनी मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला. नदीतून नाहीसा झालेला सामन मासा परत यावा, हे त्यांनी उद्दिष्ट ठेवले. रसायनांच्या गोदामांजवळ आगीचे पाणी अडवून धरणारे हौद बांधले गेले. आज त्या पाण्यात मुले पोहतात.

ही माहिती समूहातील एकाने वाचून दाखविली, तेव्हा काका सायकलवरून उतरून बराच वेळ पाण्याकडे पाहत होते. मग त्यांनी मला एवढेच विचारले, "आपल्या गोदामाचे पाणी कुठे जाते रे?" आमच्या गोदामामागे नाला आहे आणि नाला पुढे नदीला मिळतो. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी म्हणालो, "बघू घरी गेल्यावर."

ते वाक्य

बाझेल सोडल्यानंतर दोन दिवसांनी पावसाने गाठले. त्या भागात सायकलमार्ग पूर रोखणाऱ्या उंच बांधावरून जातो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला गवत आणि झाडी. पावसाची सर थांबली तशा त्या ओल्या गवतातून गोगलगायी मार्गावर येऊ लागल्या. शंख नसलेल्या, बोटभर लांबीच्या, तपकिरी. प्रथम एखाददुसरी, मग इतक्या, की चाकाला वाट उरली नाही.

काका उतरले. पिशवीतून एक जाड पुठ्ठा काढून समोरची गोगलगाय त्यांनी उचलली, गवतात ठेवली आणि सायकल हाताने ढकलीत पुढे निघाले. पुढची उचलली. त्यांना पाहून आणखी दोघी उतरल्या. साधूंच्या इर्यासमितीविषयी आपण व्याख्यानांत ऐकतो : चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे. सायकल सेकंदाला पाच मीटर जाते. तेथे चार हात भूमी दिसेपर्यंत मागे पडलेली असते. म्हणून काकांनी सायकल चालविणेच सोडले होते.

मुक्काम अजून अठरा किलोमीटर दूर होता. वसतिगृहाचे कार्यालय ठरावीक वेळी बंद होणार होते. सर्व जण भिजलेले होते, एकोणीस वर्षांची ती मुलगी थंडीने कापत होती, आणि समूहाच्या व्यवस्थेची जबाबदारी माझ्यावर होती. हे सारे खरे आहे. तरी पुढचे वाक्य बोलायला ते कारण पुरेसे नव्हते. मी सर्वांसमोर म्हणालो, "काका, गोगलगायी मारायच्या गोळ्यांची खोकी दुकानात आपणच उतरवून घेतो ना? मग इथे एकेक उचलून ठेवायचा हा देखावा कोणासाठी?"

मराठवाड्यातील वाचकांना याचा संदर्भ सांगण्याची गरज नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. त्या हंगामात त्या गोळ्यांसाठी आमच्या दुकानासमोर रांगा लागल्या होत्या. माल पुरत नव्हता. त्याचा नफा आमच्या वहीत जमा आहे, आणि या सहलीच्या खर्चातही तो कोठे ना कोठे असणारच.

काकांनी उत्तर दिले नाही. हातातील पुठ्ठ्यावरची गोगलगाय गवतात ठेवली, हात पुसला आणि पुढच्या गोगलगायीकडे वळले. आम्ही सहा जण वाट सोडून खालच्या डांबरी रस्त्याने पुढे गेलो. काकांसह पाच जण दोन तासांनी मुक्कामाला पोहोचले. सूर्यास्ताला थोडाच अवकाश होता. काकांनी त्या दिवशी फक्त पाणी घेतले.

मधले दिवस

पुढचे अकरा दिवस प्रवास उत्तम झाला. केल गावाहून पादचारी आणि सायकलींसाठी बांधलेल्या पुलावरून आम्ही फ्रान्समधील स्ट्रासबुर्गला जाऊन आलो. एके काळी ज्या काठांवर सैन्ये एकमेकांसमोर उभी राहिली, तेथे लोक भाजी घेऊन ये-जा करीत होते. बिंगेन ते कोब्लेन्झ हा किल्ल्यांचा आणि द्राक्षमळ्यांचा पट्टा अप्रतिम आहे. ५५४ क्रमांकाच्या फलकाजवळ लोरेलायचा कडा नदीला चिंचोळी करून उभा आहे. कोलोनचे चर्च १२४८ मध्ये सुरू होऊन १८८० मध्ये पूर्ण झाले. सहाशे वर्षांहून अधिक काळ लागलेले हे काम किती पिढ्यांनी अपूर्ण पाहून डोळे मिटले असतील! ड्यूसबुर्गचे विशाल नदीबंदर पाहण्यात अर्धा दिवस गेला.

काका माझ्याशी बोलत नव्हते, असे म्हणता येणार नाही. "ब्रेक बघून घे," "पाणी भर," असे ते म्हणत. पण रात्री वही लिहून झाली, की पूर्वी ती माझ्याकडे देत, ते बंद झाले.

मधल्या काळात चतुर्दशी आली. पक्खी प्रतिक्रमण आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत मिळून केले. शेवटी सर्वांनी सर्वांना हात जोडले. मीही "मिच्छामि दुक्कडं" म्हणालो, अकरा जणांच्या आवाजात माझा आवाज मिसळून. काका समोरच होते. सामूहिक क्षमा मागणे किती सोपे असते, आणि त्यातून आपले एकट्याचे वाक्य किती अलगद निसटून जाते, हे मला त्या रात्री कळले. कळूनही मी उठलो नाही. माझे वाक्य कठोर होते, पण असत्य नव्हते, या समजुतीचा आधार मी सोडला नव्हता.

आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे मान्य करून त्यांनी आपल्याला चालायला वाट दिली. त्याच शास्त्रकारांनी श्रावकासाठी पंधरा कर्मादानेही सांगितली, आणि त्यांत विषवाणिज्य आहे. आम्ही दुकानात त्या मालाला 'औषध' म्हणतो. शेतकरीही औषधच म्हणतो. तीन पिढ्यांत तो शब्द आम्हाला खटकला नव्हता. रागाच्या भरात मी काकांवर जे फेकले, ते त्यांच्याइतकेच माझेही होते. सोळा खोक्यांची शेवटची मागणी माझ्याच फोनवरून गेली होती.

वारा

हॉलंडमध्ये चढ नसतो, पण वारा असतो. किंडरडाइकच्या एकोणीस पवनचक्क्या पाहून आम्ही रॉटरडॅमला मुक्काम केला. शेवटच्या दिवसाचे अंतर थोडे होते, जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. मात्र समुद्राकडून येणारा वारा थेट तोंडावर होता. अशा वेळी सायकलस्वार एकामागे एक रांग करतात. पुढचा वारा झेलतो आणि मागचे त्याच्या आडोशाने चालतात. थकला की तो बाजूला होऊन मागे येतो व दुसरा पुढे जातो. कोणी किती वेळ पुढे राहायचे, याचा नियम नाही. ज्याची जितकी शक्ती असेल तितके.

मासस्लुइस गावाच्या पुढे माझ्या मागे काका आले. मी बाजूला झालो नाही. काही किलोमीटर तसाच पुढे राहिलो. मागे त्यांच्या साखळीचा आवाज येत होता, एवढेच. डाव्या हाताला समुद्रगामी जहाजे इतकी जवळून जात होती, की खलाशांचे चेहरे दिसत. वाटेत मासलान्त हा वादळी भरतीपासून शहराचे रक्षण करणारा महाबांध आहे. १९९७ मध्ये तो पूर्ण झाला. त्याची दोन दारे प्रत्येकी दोनशे दहा मीटर लांब आहेत. समुद्र चढू लागला, की ती पाण्यात लोटून प्रवाहाचे मुख बंद करतात. तेथे आम्ही क्षणभर थांबलो. पुन्हा निघताना काका न बोलता माझ्या पुढे गेले आणि वारा त्यांनी घेतला. चौसष्ट वर्षांच्या पाठीच्या आडोशाने मी शेवटचे काही किलोमीटर चाललो. मला ते सहन होत नव्हते, आणि पुढे जाण्याची हिंमतही होत नव्हती.

मुखापाशी

हूक फान हॉलंडला रस्ता संपतो आणि वाळू सुरू होते. सहकाऱ्यांनी सायकली उचलून समुद्रापर्यंत नेल्या. प्रवास पूर्ण झाल्याची खूण म्हणून पुढचे चाक पाण्यात बुडविण्याची रीत आहे. टाळ्या झाल्या, नवकार मंत्र झाला, छायाचित्रे झाली. काका वाळूच्या अलीकडे एका दगडावर बसून वही लिहीत होते. मी जाऊन समोर उभा राहिलो. काय बोलायचे ते अकरा दिवस ठरविले होते, पण पायांना हात लावल्यावर एकही वाक्य आठवले नाही.

काकाच बोलले. "त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण राग धरला. खरे बोलणाऱ्यावर राग धरला. मिच्छामि दुक्कडं." त्यांनी हात जोडले. मी ते हात धरले, आणि जे म्हणायचे होते ते एकदाचे, एकट्याच्या आवाजात म्हणालो.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक मात्र सांगतो. त्या गोगलगायी उचलल्या, त्यात देखावा नव्हता. दुकानात जे होते ते जमेस धरूनही नव्हता. माणूस एका ठिकाणी चुकत असेल, तर दुसऱ्या ठिकाणीही त्याने चुकावे का?" मग त्यांनी वही माझ्याकडे दिली. शेवटच्या ओळीत १,०३६ हा आकडा होता, आणि खाली काहीच बेरीज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सायकली परत करून आम्ही रेल्वेने बेल्जियममधील अँटवर्पला गेलो. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या गुजराती जैन कुटुंबांनी विलरेइक उपनगरात पार्श्वनाथ भगवंतांचे शुभ्र संगमरवरी मंदिर उभारले आहे. दर्शन घेताना काका बराच वेळ डोळे मिटून उभे होते.

परतल्यानंतर

आम्ही परतलो तेव्हा मृगाचा पाऊस झाला होता आणि दुकानात गर्दी होती. पहिल्या आठवड्यात गोदामाच्या दारात वीतभर उंचीचा उंबरा घातला आणि मागच्या बाजूला सिमेंटचा हौद बांधून घेतला, म्हणजे काही सांडले किंवा आग लागली तर पाणी नाल्यात जाऊ नये. त्याला फार खर्च आला नाही. हे काम पूर्वीच करता आले असते.

गोगलगायींच्या गोळ्यांची मागणी आम्ही नोंदविली नाही. शिल्लक माल कंपनीला परत केला. शेतकरी येतात तेव्हा काका त्यांना बांधाच्या कडेने चुन्याच्या भुकटीचा पट्टा ओढायला सांगतात. काही जण ऐकतात. बरेच जण समोरच्या दुकानातून गोळ्या घेतात, आणि मग बियाणेही तेथूनच घेतात. ज्याचे सोयाबीन एका रात्रीत जाणार आहे, त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. बाकीची 'औषधे' अजून आमच्या फळीवर आहेत, आणि त्यांच्यावर आमची दोन घरे चालतात. त्यांचे काय करावे, हे आम्हा दोघांनाही अजून उमगलेले नाही.

रोज रात्री गल्ला मोजून झाला, की काका रोजमेळ माझ्याकडे देतात. परवा मी पाहिले, औषधांच्या खात्याच्या डोक्यावर त्यांनी 'औषध' हा शब्द खोडून 'विष' असे लिहिले आहे. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीची विक्री मी त्याच नावाखाली मांडली.